दोन चमचे, समभाग पाण्यातून

दांडिया बाजारात टिपणिसांची रसशाळा विचारा,
कुणीही हसून बोट दाखवेल.
हसायचं कारण असं की दारूबंदीच्या या राज्यात
चार पिढ्या आम्ही राजरोस मनुका आंबवतो,
द्राक्षासव म्हणून बाटलीत भरतो,
आणि आमच्यात आजवर कुणाला चढलेली नाही.
निदान आत्या तसं सांगते.
भास्करकाकांचा विषय निघाला
की ती ताक घुसळायला उठते.

कृती पोथीत आहे, लपवण्यासारखं काही नाही:
काळ्या मनुका, पाणी, आटवून चौथाई,
साखर, मध, दालचिनी, नागकेशर,
शेवटी धायटीची फुलं, लाल, वाळकी, मूठभर.
त्यांना ना वास ना चव,
पण ती पडल्याशिवाय काही सुरू होत नाही.
मग झाकण, कापड, वर मातीचा लेप.

पोथीत नव्हतं ते भिखाभाईंच्या कानात होतं.
डाव्यानं बहिरे. उजवा बरणीला लावायचे
आणि आम्हा पोरांना हातानंच गप्प करायचे.
पाचव्या दिवशी आत तळण चाललंय, म्हणायचे.
बाराव्या दिवशी चिमण्या.
विसाव्याला कुणीतरी पलीकडच्या खोलीत
पुस्तकाचं पान उलटतंय.
मग एका सकाळी उठून गुडघे झटकायचे:
"हवे सूई गयो." झोपला.

तरी नाना लेप फोडून, काडी पेटवून
बरणीच्या तोंडात धरायचेच.
विझली तर आत काम चालू आहे.
जळत राहिली तर झालं.
मला ते लहानपणी उलटं वाटायचं,
जिवंत आहे तोवर फुंकर मारतं
आणि संपलं की उजेड चालतो.

दर जानेवारीत खात्याचे साहेब यायचे, काचेची नळी घेऊन.
वहीत टक्के मांडायचे: सात पूर्णांक चार.
"बाहेरून काही घातलं नाही ना?"
"घालायचं असतं साहेब,
तर महिनाभर कान लावून कशाला बसलो असतो?"
साहेबांना नेमकी त्याच दिवशी सर्दी असायची.
नाना बाटली द्यायचे,
पावती फाडून, पूर्ण पैसे घेऊन.

माणशी एक बाटली, हा आजोबांचा नियम.
लग्नसराईत मोटारी थांबायच्या, सहा द्या, बारा द्या,
आजी फार आजारी आहे.
"मग आजीला घेऊन या," नाना म्हणायचे.

मजमुदार सर मात्र बाटली नेतच नाहीत.
रोज सायंकाळी सातला फळीशी उभे,
स्वतःचं तांब्याचं भांडं, त्यात घरचं पाणी.
दोन चमचे तिथंच घेतात.
बाई गेल्यापासून.
"घरी कशाला?
घरी मोजणारं कोण आहे?"

नाना गेले तेव्हा एकवीस नंबरची बरणी
अकराव्या दिवसात होती.
भिखाभाई त्याआधीच्या दिवाळीत गेलेले.
सुतक, माणसं, तांदूळ कुठे, चटया कुठे,
खाली कुणी उतरलंच नाही.
तेरावा झाल्यावर रात्री मी गेले.
कान लावला.
माझंच रक्त ऐकू आलं, बाकी काही नाही.
लेप फोडला, काडी पेटवली.
विझली.
दुसरी पेटवली, तीही.
मग उगाचच, विझताना बघायला, आणखी तीन.

भाऊ म्हणतो, ते लेप फोडणंच भोवलं,
परत नीट लिंपता आलं नाही तुला.
असेल.
महिन्यानं उघडली तर झणझणीत आंबट,
चाळीस लिटर शिरका.
वर्षभर कांद्यावर घालून खातोय,
शेजारी दिला, आत्यानं लोणच्यात जिरवला.

तो संपता संपता एका सायंकाळी
गर्दीत माझा हात चुकीच्या बाटलीवर पडला.
मजमुदार सरांनी पहिला चमचा घेतला.
डोळे मिटले. चेहरा आधी आकसला,
मग बराच वेळ काहीच नाही.
मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली, माझी जीभ टाळ्याला चिकटली.

त्यांनी भांड्यातलं पाणी बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि दुसऱ्या चमच्यासाठी
झाकण पुढे केलं.